जाण्याचा इरादा

(पुण्यातल्या एका युवक मेळाव्यात केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



आयोजकांनी मला 'आयटीतलं करिअर आणि परदेशातल्या संधी' असा विषय दिला होता. पण नोंदणीच्या वेळी तुम्ही जे प्रश्न लिहून दिलेत, ते मी काल रात्री वाचले. पगाराबद्दल विचारणाऱ्या चिठ्ठ्या जेमतेम चार. बाकीच्यांत शब्द वेगवेगळे, पण प्रश्न एकच आहे: या देशात पुढे आपलं काय होणार, आणि ते बघायला थांबायचं का? एका मुलीनं तर सरळ लिहिलंय, 'लग्नानंतर मुलं इथं वाढवायची की नाही, हे आत्ताच ठरवायला हवं का?' तेव्हा करिअर राहू द्या. या चिठ्ठ्यांवरच बोलतो.

आधी माझं सांगतो. वय चौतीस. गाव रत्नागिरी जिल्ह्यात, इंजिनिअरिंग पुण्यात, नोकरी हिंजवडीत. पत्नी शिक्षिका आहे, मुलगी सहा वर्षांची. कॅनडाच्या एक्स्प्रेस एंट्रीत आमचं प्रोफाइल आहे. म्हणजे मी काठावर उभा राहून तुम्हाला पोहायला शिकवत नाही, तुमच्याच पाण्यात आहे.

तुमची भीती खोटी आहे असं मी म्हणणार नाही. २ जून २०१४ ला याच शहरात, हडपसरला, सोलापूरहून आलेल्या एका तरुणाला जमावानं मारून टाकलं. आयटी कंपनीत काम करणारा, नमाज पढून घरी निघालेला. फेसबुकवरच्या ज्या पोस्टवरून दंगा पेटला, तिच्याशी त्याचा काही संबंध नव्हता. २०२३ च्या जानेवारीत त्या खटल्यातले आरोपी निर्दोष सुटले. २०१४ मध्ये मीही नुकताच नोकरीला लागलेलो. त्या आठवड्यात अब्बांचा रोज फोन यायचा: दाढी किती वाढवली आहेस? त्यामुळे 'सगळं ठीक आहे, उगाच घाबरता' असं म्हणणारा माणूस समोर आला की माझ्याही डोक्यात तिडीक जाते.

तरीही भीतीचे भाग पाडून बघितले पाहिजेत. मी आणि पत्नीनं एका रविवारी एक्सेलची शीट उघडली आणि 'का जायचं' याची यादी केली. माझे पहिले तीन मुद्दे हिंजवडीच्या ट्रॅफिकचे निघाले! पुढे प्रदूषण, मॅनेजर, फ्लॅटचे भाव. ही कारणं माझ्या शेजारच्या कुलकर्णींचीही आहेत आणि ते बिचारे याच कारणांसाठी जर्मन शिकतायत. २०२२ ते २०२४ या तीन वर्षांत दर वर्षी दोन लाखांहून जास्त लोकांनी भारताचं नागरिकत्व सोडलं. ते सगळे काही राजकारणाला घाबरून गेले नाहीत. मुसलमान म्हणून आमच्या यादीत जे उरलं, ते मोजकं होतं पण जड होतं: भाड्याचं घर शोधताना नाव सांगितल्यावर पलीकडून येणारी शांतता, कागदपत्रांची धास्ती, आणि मुलीला शाळेत कुणी काही बोललं तर आपण काय करणार, हा प्रश्न. तुम्हीही अशी यादी करा. पगारासाठी जायचं असेल तर पगारासाठी जा, त्यात लाज कसली? पण त्यावर कौमच्या भवितव्याचं लेबल लावू नका. घरात मागे राहणाऱ्या धाकट्या भावाच्या डोक्यात ते लेबल राहतं.

आता दुसरी बाजू. जिथे जायचं, तिथलं राजकीय भवितव्य कुणी लिहून दिलंय?

आम्हा कोकणी मुसलमानांना बाहेर जाणं नवीन नाही. मुंबई बंदरातून बोटींवर खलाशी म्हणून जाणं पिढ्यान्‌पिढ्या चाललं. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी रायगड-रत्नागिरीच्या गावांतून माणसं थेट दक्षिण आफ्रिकेत केप टाउनला पोहोचली. दुकानं टाकली, मशिदी बांधल्या, घरात कोकणी बोलत राहिली. मग तिथे वर्णभेदाचं राज्य आलं. १९५० चा ग्रुप एरियाज कायदा आला, म्हणजे कुठल्या रंगाच्या माणसानं कुठल्या वस्तीत राहायचं हे सरकार ठरवणार. डिस्ट्रिक्ट सिक्स नावाची मिश्र वस्ती १९६६ मध्ये 'गोऱ्यांसाठी' जाहीर झाली आणि पुढच्या वर्षांत साठ हजारांहून जास्त लोकांना तिथून उठवलं. त्यात आपलीही माणसं होती. ज्यानं १९०० साली बोटीवर पाय ठेवला, त्याला हे कुठून दिसणार? आणि तेही त्यानं बघितलं नसेल, की १९९४ मध्ये त्याची पणतवंडं रांगेत उभी राहून सगळ्यांच्या बरोबरीनं मत देतील. पन्नास-शंभर वर्षांचा हिशेब मांडून देश निवडता येत नाही, तो इथल्याबद्दलही मांडता येत नाही.

जवळचं उदाहरण आखाताचं. माझे अब्बा सौदीत एकोणीस वर्षं होते. एकोणीस वर्षांत त्यांना तिथल्या राजकारणाची चिंता कधी पडली नाही, कारण तिथे त्यांना मतच नव्हतं. २०१७ च्या जुलैपासून सौदी सरकारनं परदेशी कामगाराच्या कुटुंबातल्या प्रत्येक माणसामागे महिन्याला शंभर रियाल फी लावली. दर वर्षी शंभरनं वाढवत २०२० ला ती चारशेवर नेली. आमच्या आळीतली कितीतरी बिऱ्हाडं त्या काळात परत आली. मुलं दहावीच्या वर्षात, अरबी-इंग्रजी शाळांतून थेट चिपळूण-खेडच्या शाळांत. कुणी मोर्चा काढला नाही. काढणार कुठे?

अमेरिकेत २०१७ च्या जानेवारीत सात मुस्लीमबहुल देशांच्या नागरिकांना बंदी झाली. भारत त्यात नव्हता, पण ते कुणाकडे बघून केलं हे सगळ्यांना कळलं. २०१८ ला तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं त्या बंदीचं सुधारित रूप वैध ठरवलं. एच-वन-बीच्या जागा वर्षाला ८५ हजार, लॉटरी वेगळी, आणि २०२५ च्या सप्टेंबरात नव्या अर्जांवर एक लाख डॉलरचा भार टाकला. ग्रीन कार्डात एका देशाला सात टक्क्यांची मर्यादा, म्हणून भारतीयांची रांग इतकी लांब, की तीत मुलं मोठी होऊन 'अवलंबित' या व्याख्येबाहेर जातात. कॅनडाचं म्हणाल तर माझी पत्नी हिजाब घालते. क्वेबेक प्रांतात २०१९ पासून कायदा आहे, सरकारी शाळेतल्या शिक्षिकेला धार्मिक चिन्ह घालून शिकवता येत नाही. म्हणजे उडुपीच्या कॉलेजच्या दारात मुलींना जे ऐकावं लागलं, त्याचंच फ्रेंच भाषांतर. आमच्या नकाशातून माँट्रियल तिथेच बाद झालं. न्यूझीलंडसारख्या शांत देशात, १५ मार्च २०१९ ला, जुम्म्याच्या नमाजाला जमलेली ५१ माणसं मारली गेली. भारतातून गेलेलेही त्यांत होते.

हे सांगून तुम्हाला घाबरवायचं नाही. न्यूझीलंडच्या सरकारनं त्यानंतर महिनाभरात बंदुकांचा कायदा बदलला, कॅनडाच्या इतर प्रांतांत हिजाब घालून पोलिसात नोकरी करता येते. फरक आहेच, आणि तो खरा आहे. एवढंच म्हणतो, की 'इथलं बिघडतंय म्हणून तिथे जातो' या वाक्यातला 'तिथे' हा शब्द गाळलेल्या जागेसारखा असतो. तो आधी भरा. शहर, कायदा, भाषा, नागरिकत्वाला लागणारी वर्षं, सगळं लिहून.

आपल्यातले काही जण याला हिजरत म्हणतात. चिठ्ठ्यांतही दोघांनी तो शब्द लिहिलाय. म्हणून १९२० ची गोष्ट सांगतो, आपल्या पाठ्यपुस्तकात ती एका ओळीत उरकतात. खिलाफत चळवळीच्या दिवसांत फतवे निघाले, की इंग्रजांच्या राज्यात राहण्यापेक्षा मुसलमानांनी देश सोडावा. मौलाना आझादांनीही त्या बाजूनं लिहिलं होतं, त्या वेळी ते तिशीच्या आत-बाहेर, म्हणजे आपल्याच वयाचे. पंजाब, सिंध, सरहद्द प्रांतातले हजारो लोक घरं, जमिनी, बैलजोड्या मिळेल त्या भावात विकून अफगाणिस्तानकडे चालू लागले. विकत घेणाऱ्यांचं उखळ पांढरं झालं. तिकडच्या अमीरानं आधी या म्हटलं आणि माणसांचा लोंढा बघून ऑगस्टमध्ये दार लावून घेतलं. खैबरच्या वाटेवर उन्हानं, तहानेनं, आजारानं किती मेले याचा धड हिशेब नाही. जे परतले त्यांना आपलीच जमीन दुसऱ्याच्या नावावर दिसली. मक्केहून मदिनेला जाण्याआधी अकबाला मदिनेच्या लोकांशी करार झाला होता, हे मदरशातल्या पोरालाही ठाऊक असतं. १९२० मध्ये निघालेल्यांच्या पलीकडे करार नव्हता, फक्त इकडचा संताप होता. आणि त्याच आझादांना सत्तावीस वर्षांनी दिल्लीच्या जामा मशिदीतून, फाळणीत पळणाऱ्या लोकांना विचारावं लागलं, की तुम्ही कुठे चालला आहात आणि का?

फाळणीतलीच एक कायद्याची गोष्ट मला हल्ली फार आठवते. जे पाकिस्तानात गेले, त्यांच्या मालमत्तेसाठी निर्वासित मालमत्तेचा कायदा झाला, १९४९ चा वटहुकूम आणि १९५० चा कायदा. त्यात जे गेले त्यांची एक व्याख्या होती आणि आणखी एक व्याख्या होती: ज्यांचा जाण्याचा इरादा आहे असे. तुम्ही इथेच आहात, दुकान उघडताय, मुलांना शाळेत सोडताय, पण तुम्ही पैसे तिकडे पाठवले किंवा तशा हालचाली दिसल्या तर कस्टोडियन तुम्हाला 'जाण्याचा इरादा असलेला' ठरवू शकत होता. मग स्वतःचं घरही त्याच्या परवानगीशिवाय विकता येत नव्हतं. पुढे १९५३ मध्ये ही तरतूद काढून टाकली.

आज असा कायदा नाही. पण माझ्या पिढीतले शिकलेले, बरा पगार असलेले मुसलमान मी बघतो तेव्हा वाटतं, ही व्याख्या आपण आपणहून अंगावर घेतलीय. सोसायटीच्या मीटिंगला जात नाही. का? 'आपण थोडेच इथे राहणार आहोत.' मतदार यादीत नाव अजून गावच्याच पत्त्यावर, मतदानाच्या दिवशी आपण पुण्यात. का? 'जाऊ दे, वर्ष-दोन वर्षांचा प्रश्न आहे.' लिफ्टमध्ये कुणी काही बोललं, ऑफिसात डबा खाताना कुणी व्हॉट्सॲपवरचं काहीबाही वाचून दाखवलं, तर उत्तर देत नाही. भीतीपोटी गप्प बसलो तर एकवेळ समजू शकतो. पण आपण मनात म्हणतो, 'बोला बाबांनो, मी काय कायमचा नाही.' हे वाक्य मी स्वतःशी म्हणालोय, कॅन्टीनमध्ये ताट हातात धरून. आणि हे एका वर्षाचं राहत नाही. माझा एक मित्र नऊ वर्षं 'जातोय'. घर घेतलं नाही, पुस्तकांचं कपाट घेतलं नाही, कुंडीत रोप लावलं नाही. अजून बिबवेवाडीतच आहे.

मुलांवर याचा काय परिणाम होतो ते मला गेल्या डिसेंबरात कळलं. मुलीच्या शाळेत स्नेहसंमेलन होतं, तिच्या वर्गाचं कोळीनृत्य. ती त्यात नव्हती. बाईंना विचारायला गेलो तर त्या सहज म्हणाल्या, "अहो, ती सगळ्यांना सांगत असते ना आम्ही कॅनडाला जाणार, म्हणून मी तिला धरलंच नाही. तालीम करून मधेच गेली असती तर?" बाईंच्या बोलण्यात काही वाकडं नव्हतं. पोरीनं घरात जे ऐकलं ते वर्गात सांगितलं आणि बाईंनी त्यावर विश्वास ठेवला. सहा वर्षांच्या मुलीचा जाण्याचा इरादा नोंदवला गेला होता.

त्या रात्री पत्नी म्हणाली, "आपण गेलो नाही आणि आपण इथेही नाही. असं किती दिवस?" तिचं म्हणणं मला पटलं, आणि आज मला तुम्हाला मुख्यतः तेच सांगायचंय. जाणं चूक नाही, राहणं थोर नाही. कुणी 'पाकिस्तानात जा' म्हणालं म्हणून जाऊ नका, आणि कुणी तसं म्हणालं म्हणून हट्टानं राहूही नका. दोन्ही वेळेला ठरवणारा तोच होतो. पण हा जो मधला काळ आहे, तो लांबवू नका. त्याची किंमत आपण रोज भरतो, आणि आपल्याबरोबर ते भरतात ज्यांना जाण्याचा पर्यायच नाही.

त्यांच्याबद्दल थोडं बोलायला हवं. एक्स्प्रेस एंट्रीत पदवीला गुण आहेत, इंग्रजीला आहेत, वयाला आहेत. २० ते २९ वयाचे एकट्याला ११० गुण, ३५ ला ७७, ४५ ला शून्य. बेकरीत पाव भाजणाऱ्या माझ्या मामेभावाला या तक्त्यात जागा नाही. त्याच्या बायकोला नाही, माझ्या खालाला नाही. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात सुमारे एक कोटी तीस लाख मुसलमान होते. त्यातले किती जाऊ शकतील? जे जाऊ शकतात ते नेमके कोण? ज्याला तहसीलदाराचं पत्र वाचता येतं, ज्याला माहितीच्या अधिकाराचा अर्ज लिहिता येतो, जो पोलीस ठाण्यात मराठीत दोन वाक्यं ठामपणे बोलू शकतो. उत्तर प्रदेश-बिहारमधून १९४७ नंतर असाच वर्ग मोठ्या प्रमाणात निघून गेला, आणि मागे राहिलेल्यांची काय स्थिती झाली ते सच्चर समितीनं २००६ मध्ये आकड्यांत मांडलं. सगळं त्याच एका कारणानं झालं असं नाही, पण ते एक कारण होतं.

हे ऐकून 'मग राहायलाच हवं' असं ओझं घेऊ नका. अपराधी वाटतं म्हणून थांबलेला माणसू दहा वर्षांनी बायको-मुलांवर चिडतो. मी असे बघितलेत.

जायचं असेल त्यांना व्यवहाराचं सांगतो, कारण याबद्दल कुणी बोलत नाही. दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं की भारताचं संपतं, आपल्याकडे दुहेरी नागरिकत्व नाही. ओसीआय कार्ड मिळतं, पण त्यावर मत देता येत नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही. २०२१ च्या अधिसूचनेनुसार पत्रकारिता आणि तबलीगसाठीच नव्हे, गिर्यारोहणासाठीसुद्धा वेगळी परवानगी लागते (गिर्यारोहण का, ते मला विचारू नका). तेव्हा निघण्याआधी सातबारावर वारसनोंदी करून घ्या. बहिणीचा हिस्सा बहिणीला द्या, 'नंतर बघू' म्हणू नका. कोकणात अशा किती बागा आहेत, ज्यांत एक भाऊ दोहात, एक लंडनला, आणि इथली बहीण सहीसाठी बारा वर्षं थांबलेली. आई-वडिलांना दवाखान्यात कोण नेणार, हे नाव ठरवा. 'कुणीतरी आहे' चालणार नाही, नाव हवं. आणि तिथे गेल्यावर तिथलेच व्हा. तिथली भाषा शिका, नगरपालिकेच्या निवडणुकीत मत द्या, शेजाऱ्याकडे जा. टोरंटोत बसून रात्री दोनपर्यंत पुण्याच्या ग्रुपवर भांडणारा माणूसही मधल्याच जागेत अडकलेला असतो, नुसता तो भाडं डॉलरमध्ये भरतो.

राहायचं असेल तर राहण्याचंही काम असतं. सरकारी आणि अनुदानित शाळांच्या व्यवस्थापन समितीत, शिक्षण हक्क कायद्यानं, पाऊण सदस्य पालक असावे लागतात. आपल्या वस्तीतल्या किती शाळांत आपले पालक त्या बैठकीला जातात? घरातल्या सगळ्यांची जन्मदाखल्यावरची, आधारवरची, शाळेच्या दाखल्यावरची नावं सारखी आहेत का? शेख, शैख, सेख, एकाच घरात तीन स्पेलिंगं! आसामात २०१९ च्या यादीतून एकोणीस लाख लोक बाहेर राहिले, तेव्हा अशा किरकोळ चुकांवरून माणसं लवादापुढे उभी राहिली. घाबरत बसण्यापेक्षा एका शनिवारी दाखले दुरुस्त करायला बसणं मला जास्त कामाचं वाटतं.

आम्ही काय ठरवलं, हे तुम्ही विचारणारच. इंग्रजी परीक्षेचा निकाल दोन वर्षं चालतो. आमचा पुढच्या ऑगस्टात संपतो. तोवर कॅनडाचं आमंत्रण आलं तर जायचं, आणि क्वेबेक सोडून जिथे पत्नीला हिजाबसह शिकवता येईल अशाच प्रांतात. नाही आलं तर प्रोफाइल बंद, परीक्षा पुन्हा द्यायची नाही. अम्मीला हे सांगितलं. ती आधी काही बोलली नाही, मग म्हणाली, "ऑगस्टात ना? बरं. मग यंदा कलमांना खत घालून घे." आणि ऑगस्टपर्यंत आम्ही इथलेच. मी सोसायटीच्या कमिटीत गेलोय, पाण्याच्या टँकरचा हिशेब माझ्याकडे आहे. डबा खातानाच्या गप्पांत आता उत्तर देतो, आवाज न चढवता. सगळे ऐकतात असं नाही, एक जण मात्र परवा जिन्यात थांबून म्हणाला, "तू आधी कधी बोलला नाहीस, मला वाटायचं तुला चालतं." मुलीला सांगितलंय, कुणी विचारलं तर म्हणायचं, आम्ही पुण्यात राहतो. यंदाच्या कोळीनृत्यात ती आहे.

ज्या मुलीनं मुलांबद्दल विचारलंय, तिला माझ्याकडे तयार उत्तर नाही. मुलं कुठे वाढवायची हे तू आणि तुझा होणारा नवरा ठरवाल. पण तारीख टाकून ठरवा, आणि ती तारीख येईपर्यंत जिथे आहात तिथे बिऱ्हाड मांडा.

बाहेर टेबलावर मतदार नोंदणीचे अर्ज ठेवलेत. पहिल्यांदा नाव घालणाऱ्यांनी फॉर्म ६ घ्यायचा, गावाहून पुण्याला पत्ता बदलायचाय त्यांनी फॉर्म ८. ज्यांचं जाणं पक्कं झालंय, त्यांनीही थांबा: भारतीय पासपोर्ट आहे तोवर परदेशातून फॉर्म ६ ए भरून नाव ठेवता येतं, मतदानाला मात्र इथे यावं लागतं. फोटो आणि पत्त्याच्या पुराव्याची झेरॉक्स लागेल. झेरॉक्सचं दुकान गेटच्या उजव्या हाताला आहे, दीड वाजता बंद होतं.